आमची जास्वंद, त्यांची तगर आणि साहेबांचे गुलाब

आमच्या सोसायटीत दोन विंग, ए आणि बी, घोडबंदर रोडला जरा आत, आणि या दोन विंगचं आपसात कधी पटलंय असं मला आठवत नाही. पाण्याची टाकी कुणाची आधी भरते, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागतात, गणपतीत स्पीकरचं तोंड कुठल्या बिल्डिंगकडे, काहीही चालतं भांडायला. पण या सगळ्याच्या मुळाशी आहे ती ए विंगच्या गेटजवळची लाल जास्वंद. ती लावली आमच्या ए विंगच्या एका काकूंनी, कुंडीतून जमिनीत, चांगली पुरुषभर उंच झालीय आता, आणि रोज पहाटे साडेपाचला बी विंगच्या एक आजी छत्रीच्या वाकड्या मुठीने फांदी खाली ओढतात आणि सगळ्या उमललेल्या जास्वंदी पिशवीत भरून नेतात, एकसुद्धा ठेवत नाहीत. ग्रुपवर तीन वर्षं हा विषय चालू आहे. गंमत म्हणजे त्या आजी म्हणजे त्याच काकूंच्या सासूबाई. थोरला मुलगा ए विंगमध्ये, धाकटा बी मध्ये, आई धाकट्याकडे. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन विंगचं भांडण, आत बघाल तर एकाच घरातलं.

तर यंदा बॉक्स क्रिकेट ठरलं, ए विरुद्ध बी, टर्फ दोन तास बुक, आणि कुणीतरी टूम काढली की टी-शर्टवर लोगो पाहिजे. ए विंगने लगेच लाल जास्वंद जाहीर केली, अर्थातच टोमणा म्हणून. मग बी विंगवाले काय गप्प बसतात, त्यांच्या कंपाउंडला तगरीची रांग आहे, त्यांनी पांढरी तगर घेतली. मी ग्रुपवर सहज लिहिलं, "अरे हे तर वॉर्स ऑफ द रोझेस झालं की," आणि खाली चौदा जणांनी हसण्याचे इमोजी टाकले आणि एकाने विचारलं की ही कुठली वेब सिरीज. (पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांत झालेली भांडणं ती, गुलाबांची लढाई.)

मी बी. ए. ला इतिहास घेतला होता. आता ऐरोलीला अकाउंट्समध्ये आहे, जीएसटीशिवाय आयुष्यात दुसरं काही नाही, पण तो पेपर मला अजून आठवतो. आणि दुसरं म्हणजे बाबांच्या नाण्यांच्या डब्यात एक सात कोनांचं नाणं आहे, वीस पेन्सचं, लेस्टरला राहणाऱ्या त्यांच्या मावसभावाने कधीतरी दिलेलं. त्याच्या मागच्या बाजूला एक गुलाब आहे, डोक्यावर मुकुट. लहानपणी मी ते तासन् तास बघायचे. नीट बघितलं तर तो एक गुलाब नाहीच, दोन आहेत, मोठ्या गुलाबाच्या पोटात छोटा गुलाब, पाच पाकळ्या बाहेर पाच आत, आणि पाकळ्यांच्या मधून हिरव्या देठाची टोकं बाहेर आलेली असतात तशी बारीक टोकं. नाण्यावर रंग नसतो, पण रंगात काढला की बाहेरचा लाल आणि आतला पांढरा. याला म्हणतात ट्यूडर रोझ. माझं सगळं म्हणणं या नाण्याबद्दल आहे खरं तर, पण आधी थोडं मागे जायला लागेल.

इंग्लंडचा तिसरा एडवर्ड १३७७ मध्ये गेला आणि त्याला मुलं भरपूर. त्यातल्या एका मुलाचा वंश म्हणजे लँकेस्टर, दुसऱ्याचा यॉर्क. १३९९ मध्ये लँकेस्टरच्या हेन्रीने आपल्याच चुलतभावाला, दुसऱ्या रिचर्डला, गादीवरून खाली ओढलं आणि स्वतः बसला. तिथून पुढे जे काय झालं त्याला इंग्रजीत मोठमोठे शब्द आहेत, आपल्याकडे एकच आहे, भाऊबंदकी. हेन्रीचा नातू सहावा हेन्री नऊ महिन्यांचा असताना राजा झाला, मोठा होऊन अगदीच सालस निघाला, आणि १४५३ मध्ये त्याला असा काही झटका आला की वर्षभराहून जास्त काळ तो कुणाला ओळखेना, स्वतःला मुलगा झालाय हेही त्याला कळलं नाही. मग कारभार बघायला आला यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, ज्याचं म्हणणं होतं की आईकडून मोजलं तर माझी शाखा थोरली. १४५५ च्या मे महिन्यात सेंट ऑल्बन्सच्या गल्ल्यांमध्ये पहिली मारामारी झाली आणि १४८७ पर्यंत मग थांबून थांबून चालूच. रिचर्ड १४६० च्या डिसेंबरात वेकफिल्डला मारला गेला, त्याचं डोकं यॉर्क शहराच्या वेशीवर लावलं, वर कागदाचा मुकुट घालून. तीन महिन्यांत त्याच्या मुलाने, चौथ्या एडवर्डने, टॉवटनला बर्फ पडत असताना लँकेस्टरवाल्यांना असं कापलं की त्या वेळच्या पत्रांत २८ हजार मेल्याचा आकडा येतो. आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात, पण निम्मे धरले तरी एका दिवसाला केवढे झाले!

आता शाळेत आपल्याला काय सांगितलं, की यॉर्कचा पांढरा गुलाब, लँकेस्टरचा लाल गुलाब, दोन्ही बाजू आपापलं फूल छातीवर लावून लढल्या. किती छान चित्र आहे ना. फक्त ते तसं नव्हतं.

पहिली गोष्ट, ढालीवरचं घराण्याचं चिन्ह वेगळं आणि बिल्ला वेगळा. ढालीवर दोन्ही बाजूंच्या राजांचं चिन्ह एकच, इंग्लंडचे सिंह आणि फ्रान्सची लिली, कारण दोघांचाही दावा एकाच गादीवर. (लिलीसुद्धा फूलच, आणि तेही दुसऱ्याच्या घरचं, फ्रान्सच्या गादीवर आपला हक्क आहे म्हणून इंग्रजांनी ते आपल्या ढालीवर घेतलं होतं. आमच्या आजींची जास्वंद आठवली मला.) बिल्ला मात्र माणसांना वाटायचा. सरदाराच्या पदरी जे लोक असायचे, त्याचं मीठ खाणारे, त्यांनी तो अंगरख्यावर लावायचा, म्हणजे हा कुणाचा माणूस ते लांबून कळावं. आणि हे बिल्ले एकेकाचे चार-चार असायचे. चौथ्या एडवर्डचा पांढरा गुलाब होता, पण त्याहून लाडका होता सूर्य, कारण १४६१ च्या फेब्रुवारीत लढाईच्या सकाळी आकाशात तीन सूर्य दिसले होते, थंडीत हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे दिसतात तसे, आणि त्याने तो शुभशकुन मानला. त्याचा भाऊ तिसरा रिचर्ड, त्याचा पांढरा रानडुक्कर. १४८३ मध्ये मुलाला प्रिन्स ऑफ वेल्स करायचा सोहळा यॉर्कला झाला तेव्हा रिचर्डने फस्टियन नावाच्या कापडावर रानडुकराचे १३ हजार बिल्ले बनवायला सांगितले. तेरा हजार! आम्हाला बावीस टी-शर्ट वेळेत मिळाले नाहीत. वॉरिकचा सरदार, त्या काळातला किंगमेकर, त्याचं अस्वल आणि ओबडधोबड काठी.

आणि लँकेस्टर? सहाव्या हेन्रीचं काळवीट. त्याच्या मुलाचा हंस, जो राणी मार्गारेटने १४५९ मध्ये चेशायरच्या लोकांना मुलाच्या नावाने वाटला होता. लाल गुलाब या घराण्यात आधी कुठेतरी अधूनमधून सापडतो, नाही असं नाही, पण सहाव्या हेन्रीचे शिपाई लाल गुलाब लावून टॉवटनच्या बर्फात उभे होते असं काही नव्हतं. म्हणजे तीस वर्षं ज्याला आपण गुलाबांची लढाई म्हणतो त्यात एका बाजूकडे गुलाब जवळजवळ नव्हताच.

बिल्ल्याचा घोळ किती महाग पडतो याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एप्रिल १४७१, लंडनच्या उत्तरेला बार्नेट, ईस्टरचा दिवस, पहाटे दाट धुकं. वॉरिक आता बाजू बदलून लँकेस्टरकडे आलेला, त्याच्याबरोबर ऑक्सफर्डचा सरदार, ज्याचा बिल्ला म्हणजे किरणं असलेली चांदणी. ऑक्सफर्डच्या लोकांनी समोरची फळी फोडली, पार गावापर्यंत पळवत नेली, लुटालूट केली आणि मग धुक्यातून परत आले. त्यांच्याच बाजूच्या लोकांना धुक्यात किरणं दिसली. चांदणीची किरणं की सूर्याची? त्यांना वाटलं एडवर्डचा सूर्य, सोडले बाण. ऑक्सफर्डवाले "दगा, दगा" करत मैदान सोडून गेले. वॉरिक त्या दिवशी मेला. त्या वेळच्या एका बखरीत हे असं लिहिलंय, आणि मला तरी ते पटतं, कारण घोडबंदरला डिसेंबरात पहाटे धुकं पडतं तेव्हा समोरची रिक्षा आहे की टेम्पो ते हॉर्नवरून ओळखावं लागतं.

मग लाल गुलाब आला कुठून? तर १४८५ मध्ये बॉसवर्थला रिचर्ड मारला गेला (त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला कार पार्किंगखाली सापडला, बाबांच्या भावाने तेव्हा फोन करून अर्धा तास सांगितलं होतं, जणू यांनीच खणला) आणि गादीवर बसला हेन्री ट्यूडर, सातवा हेन्री. लँकेस्टरशी त्याचं नातं आईच्या बाजूने, तेही जरा ओढूनताणून. गादी मिळाली पण हक्क लंगडा. म्हणून त्याने दोन कामं केली, १४८६ च्या जानेवारीत चौथ्या एडवर्डच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केलं, आणि लाल गुलाब पुढे आणला. कारण बघा, पांढरा तर होताच लोकांच्या ओळखीचा. त्याला जोडी पाहिजे होती. जोडी असेल तर दोघांचं लग्न लावता येतं, आणि लग्न लावलं की भांडण मिटवणारा भटजी कोण, तर आपण. हे नंतरच्या काळात कुणी पीआर एजन्सीने केलं असतं तर त्यांना बक्षीस मिळालं असतं.

लोकांनी ते कसं उचललं तेही बघण्यासारखं आहे. १४८६ मध्येच नवा राजा यॉर्क शहरात येणार होता. यॉर्क म्हणजे रिचर्डचं लाडकं शहर, आदल्या वर्षापर्यंत तिथे रानडुकराचा जयजयकार. आता काय करायचं? शहराने वेशीपाशी देखावा उभारला, आणि तो आपल्या गणपतीतल्यासारखा हलता देखावा: ओसाड जमिनीतून एक भलाथोरला लाल गुलाब यंत्राने वर येणार, मग त्याला भेटायला पांढरा गुलाब, बाकीची सगळी फुलं त्यांच्यापुढे वाकणार, आणि वरच्या ढगातून मुकुट खाली येऊन दोघांवर बसणार. नगरपालिकेच्या दप्तरात याची नोंद आहे. मला ते चित्र फार आवडतं, दोरी ओढणारे दोन-तीन जण मागे घामाघूम झालेले, ढग मध्येच अडकू नये म्हणून देवाचं नाव घेतायत. आणि बाबांच्या नाण्यावर जे आहे, मुकुटाखाली गुलाबात गुलाब, ते म्हणजे हाच देखावा, पाचशे वर्षांनी.

नंतर शेक्सपियरने सहाव्या हेन्रीवरच्या नाटकात लंडनच्या टेंपल बागेतला प्रसंग घातला, सरदार भांडतायत आणि एकेक जण झुडपावरून पांढरं नाही तर लाल फूल तोडतो. तो प्रसंग त्याने रचलेला आहे, पण नाटक लोकांनी बघितलं आणि इतिहास म्हणून डोक्यात बसलं. आणि वॉर्स ऑफ द रोझेस हे नाव रुळलं वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या कादंबरीमुळे. म्हणजे जे लढले, मेले, त्यांच्यातल्या एकालाही आपण कुठल्या युद्धात मेलो त्याचं हे नाव माहीत नव्हतं.

आमच्याकडे याची प्रचिती टी-शर्ट आल्यावर आली. बी विंगने तगर पांढरी म्हणून टी-शर्टही पांढरे सांगितले होते, आणि प्रिंटवाल्याने फाइल आली तशी छापली, बाहेरची रेघ वगैरे काही नाही. पांढऱ्यावर पांढरं. दिसत काय होतं तर छातीवर नुसती दोन हिरवी पानं. पाच मिनिटांत आमच्या विंगच्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं पालक इलेव्हन. आता त्यांनी कितीही सांगू दे की ती तगर आहे, आमची मुलं मोठी होऊन त्यांच्या मुलांना पालक इलेव्हनच सांगणार.

अजून एक गंमत, आज यॉर्कशायर आणि लँकेशायर क्रिकेट खेळतात तेव्हा त्याला रोझेस मॅच म्हणतात, पांढरा गुलाब विरुद्ध लाल गुलाब. आपल्या मुंबईने दोन्हीकडे माणूस दिलाय, फारुख इंजिनियर वर्षानुवर्षं लँकेशायरकडून, आणि १९९२ मध्ये सचिन यॉर्कशायरकडून, त्यांचा पहिला परदेशी खेळाडू. पण जुन्या भांडणाचा या जिल्ह्यांशी तसा संबंध कमीच. यॉर्कच्या ड्यूकच्या जमिनी जास्त करून वेल्सच्या सीमेकडे आणि मध्य इंग्लंडात, उलट यॉर्कशायरमधले पर्सी, क्लिफर्ड असले मोठे सरदार लँकेस्टरच्या बाजूने. ज्याच्या नावात यॉर्क तो रिचर्ड यॉर्कशायरमध्येच मारला गेला, यॉर्कशायरवाल्यांच्या हातून. आपल्याकडे आडनाव सातारकर आणि सात पिढ्या ठाण्यात, तसलाच प्रकार.

फूल उलटं करून घेतल्याची एक गोष्ट फ्लॉरेन्सची आहे, तिथे आधी लाल ढालीवर पांढरी लिली होती, १२५१ मध्ये एका गटाने दुसऱ्याला शहराबाहेर काढलं आणि रंगांची अदलाबदल केली, पांढऱ्यावर लाल. दांतेने त्यावर टोमणा मारून ठेवलाय. फूल तेच, शहर तेच, फक्त आता आमचं.

आपल्याकडे काय होतं असा विचार करत होते ट्रेनमध्ये. ठाणे म्हणजे श्रीस्थानक, उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी, त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड. आणि ज्या देवगिरीच्या यादवांनी तेराव्या शतकात शिलाहारांचा शेवट केला, शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रावरच्या लढाईत गेला, त्या यादवांच्या मुद्रेवर काय? गरुडच. वरवर बघितलं तर यॉर्क-लँकेस्टरसारखंच, एकाच चिन्हाखाली एकमेकांच्या जिवावर उठलेले, फक्त तिकडे चिन्ह एक होतं कारण दावा एकाच गादीवर, आणि इकडे घराणी वेगळी, गाद्याही वेगळ्या. फुलाझाडांत म्हणाल तर गोव्याचे कदंब, ज्यांचं नावच कळंबाच्या झाडावरून. आणि कळंब तर घराघरात आहे, देवक म्हणून. आमच्या माहेरचं देवक कळंब, लग्नात मांडवाला त्याची डहाळी लागते आणि बाबा ती आणायला येऊरला जायचे, आधी झाडाला नमस्कार करून. पण आपल्याकडे नियम असा की देवक एक असेल तर सोयरीक जमत नाही. सातव्या हेन्रीने हे ऐकलं असतं तर आनंदच झाला असता, त्याला दोन वेगळी देवकं पाहिजेच होती लग्न लावायला, एक नव्हतं तर त्याने शोधून काढलं.

मॅचच्या आदल्या दिवशी बक्षीस समारंभाची फुलं आणायला मला जांभळी नाक्याला पाठवलं, कारण इतिहासवाली मीच. तिथे दोन प्रकारचे गुलाब असतात, लांब देठाचे, वीस-वीसचे बंच, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, त्यांना वास नाही. आणि खाली टोपलीत देशी गुलाब, वजनावर, पाकळ्या सुट्या होत आलेल्या, वास नाक्यापर्यंत. जुन्या युरोपातले ते लाल आणि पांढरे गुलाब याच दुसऱ्या जातकुळीतले, वास असलेले, औषधाला जाणारे, वाळवले तरी लाल गुलाबाचा वास टिकतो म्हणून तिकडचे वैद्य तो ठेवायचे. आणि आपल्या गुलकंदाचा जो गुलाब आहे ना, दमास्क, त्याचीच एक जात आहे तिचं नावच यॉर्क अँड लँकेस्टर. एकाच झुडपावर काही फुलं गुलाबी, काही पांढरी, काही फुलांत अर्ध्या पाकळ्या अशा अर्ध्या तशा. कुणी राजा लागला नाही त्याला. मी फुलवाल्या मावशींना विचारलं असं काही येतं का तुमच्याकडे, त्या म्हणाल्या, "ताई, एका झाडाला दोन रंग म्हंजे कलम खराब, घेऊ नका." लाल बंच एक घेतला, पांढरा एक, भाव लग्नसराईचा.

मॅच बी विंगने जिंकली. सहा रनांनी. पालक वगैरे सगळं ऐकून घेऊन. मग कमिटीच्या कुणीतरी सुचवलं की पुढच्या वर्षी एकच लोगो करू, जास्वंदीच्या मधोमध तगर, आणि मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड बंद ठेवलं. लगेच प्रश्न आला की मधलं फूल कुणाचं आणि बाहेरचं कुणाचं, मोठं कुणाचं. तो अजून ग्रुपवर चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉकला खाली उतरले तर आजी गेटपाशी, हातात पिशवी, पिशवीत तळाला तगर, वर छत्रीची मूठ फांदीला अडकवलेली आणि फांदी हातातून सटकतेय. थोरल्या सुनेच्या खिडकीत लाइट लागलेला. आजींनी मागे वळून बघितलं.

"बघत काय उभी राहिलीस गं, धर की जरा फांदी."

धरली.